सॅकमधली करवत

वीकेंडला रत्नागिरीत कॅम्पिंगचा बेत शिजतोय? टेंट झाला, स्लीपिंग बॅग झाली, हेडटॉर्चही आला. आता लिस्टमध्ये फोल्डिंग सॉ अॅड करताय? मग ‘बाय नाऊ’वर क्लिक करण्याआधी जरा थांबा.

शुक्रवारी सहाच्या ठोक्याला लॉगआउट, रात्रीची कोकण रेल्वे नाहीतर मित्राची गाडी, आणि शनिवारी सकाळी आरे-वारेच्या वळणावर खाली निळा समुद्र दिसला की आठवडाभराच्या मीटिंग्ज, ती एक्सेल शीट, तो बॉसचा चेहरा, सगळं एकदम डिलीट! असा प्लॅन एव्हाना प्रत्येक ग्रुपवर एकदा तरी होतोच. पूर्वी अशा ट्रिपची खरेदी म्हणजे बिस्किटाचे पुडे, मॅगी आणि पत्ते. आता मंडळी गिअरची भाषा बोलतात. अमुक लिटरची सॅक, तमुक ल्युमेनचा टॉर्च. आणि व्हिडिओत कुणीतरी बर्फातल्या जंगलात खर्र खर्र करत ओंडका कापताना दाखवला की आपल्यालाही वाटतं, यार, एक फोल्डिंग करवत हवीच.

हवी का? हवी. वस्तू खरंच कामाची आहे. पण त्या व्हिडिओतलं लाकूड पाइनचं असतं आणि जंगल नॉर्वेचं. आपण चाललोय रत्नागिरीला. इथलं लाकूड वेगळं, हवा वेगळी, आणि महत्त्वाचं म्हणजे इथे कुठलं लाकूड कापायचं आणि कुठल्याला हातही लावायचा नाही, याचे नियम वेगळे. करवत कुठली घ्यायची हे ठरतं ते या तीन गोष्टींवरून. ब्रँड नंतर.

कोयता असताना करवत कशाला?

गावातले काका तुमच्या हातातली ती नारिंगी मुठीची करवत बघून गालातल्या गालात हसणार, हे नक्की. त्यांच्या कमरेला मागे आकडीत कोयता अडकवलेला असतो आणि त्या एका हत्यारावर त्यांचं आयुष्य चाललेलं असतं. शहाळं तासा, झुडूप साफ करा, सुकी झापं तोडा, कोकणात कोयत्याला तोड नाही. हे अगदी मान्य.

फक्त तो हात त्यांचा आहे, तुमचा नाही. कोयता आणि कुऱ्हाड ही घाव घालायची हत्यारं. घाव घालायला मोकळी जागा लागते, नेम लागतो आणि वर्षानुवर्षांची सवय लागते. टेंटच्या दोऱ्या, अंधार, शेजारी गिटार वाजवणारा मित्र, दिवसभर गाडी चालवून जड झालेले खांदे, अशा सेटअपमध्ये आठवडाभर माउस फिरवणाऱ्या माणसाने कोयता फिरवणं म्हणजे जवळचं हॉस्पिटल आधी शोधून ठेवलेलं बरं. सुकलेल्या कठीण लाकडावर तर घाव घसरतो आणि पातं भलतीकडे जातं. करवतीला घाव नाही. हात एका रेषेत पुढे-मागे, बस्स. नवख्याच्या हातात ती जास्त सेफ आहे, आणि मनगटाएवढी सुकी फांदी ती मिनिटभरात, नेमकी हव्या त्या लांबीवर कापून देते.

खुद्द कोकणातसुद्धा करवत काही परकी नाही बरं का! हापूसचे बागायतदार जाड फांद्यांच्या छाटणीला करवतच वापरतात. कारण साधं आहे. कोयत्याने तोडलेल्या फांदीचं टोक फाटतं, साल सोलवटते. करवतीचा काप गुळगुळीत असतो, जखम लवकर भरते. उघड्या जखमेतून बुरशी शिरते, खोडकिड्याचंही फावतं, म्हणून कापलेल्या जागी मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट फासतात. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, म्हणजे १९७२ साली सुरू झालेलं डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाचं विद्यापीठ, जुन्या, उंच वाढलेल्या आंब्याच्या बागांचं पुनरुज्जीवन करायला शिकवतं, त्यातही फांद्या कशा आणि कुठे कापायच्या हा मोठा भाग असतो. तेव्हा एक टिप घेऊन ठेवा. करवत शोधायची तर आउटडोअरच्या चकाचक दुकानासोबतच बागकामाच्या अवजारांच्या दुकानातही डोकावा. ‘छाटणीची करवत’ म्हणून तीच वस्तू तिथे बऱ्याच कमी पैशांत दिसेल.

दातांचा फंडा

आता करवत हातात घेऊन बघूया. पहिली गोष्ट, लांबी. सरळ हिशेब असा की पातं हे कापायच्या लाकडाच्या जाडीच्या निदान दुप्पट हवं. दात लाकडातून बाहेर येऊन भुसा टाकतात आणि पुन्हा आत जातात. पातं आखूड असेल तर भुसा आतच कोंबला जातो आणि तुम्ही नुसते घाम गाळत बसता. कॅम्पवर आपल्याला कापायचं असतं ते मनगटाएवढं, फार तर तीन इंच जाडीचं लाकूड. त्याला १७० ते २०० मिलिमीटरचं, म्हणजे सात-आठ इंचाचं पातं भरपूर झालं. २४० मिलिमीटरचं घेतलं तर काम भराभर होतं, पण सॅकमध्ये जागा खातं. त्याहून मोठं? बागायतदार असाल तर घ्या. वीकेंडवाल्याला मोठ्या पात्याने एकच होतं, नको तेवढं जाड लाकूड कापायचा मोह!

दुसरी गोष्ट, दात. इंचाला किती दात, यावर सगळा खेळ. पाच-सहा मोठे दात असले तर ओलं, रसाळ लाकूड सुरेख कापलं जातं. सुक्या, कठीण लाकडाला सात ते नऊ बरे. बांबूला दहाच्या वर, बारीक. मोठ्या दातांनी बांबूच्या चिंध्या निघतात. जपानी कंपन्या इंचाऐवजी ३० मिलिमीटरमध्ये किती दात ते सांगतात, म्हणजे पॅकेटवर दहा लिहिलं असेल तर इंचाला साधारण साडेआठ समजा.

रत्नागिरीत आपल्या वाट्याला काय येतं? किनाऱ्यावर सुरू. दिसायला नाजूक, सुयांसारखी पानं, पण लाकूड असं कठीण की स्वस्तातली करवत दोन कापात हार मानते. जळतं मात्र झकास. वर डोंगरात ऐन, किंजळ, हीही काही लेचीपेची मंडळी नव्हेत. वाडीत आंबा, फणस, काजू. कुंपणाला आणि मांडवाला माणगा बांबू, जो जवळजवळ भरीव असतो आणि म्हणून चिवट. नारळाच्या खोडाच्या वाटेला तर जाऊच नका. बाहेरून दगड, आतून काथ्या. थोडक्यात काय, इथे आपल्याला मिळणारं सरपण बहुतेक सुकं आणि कठीण. म्हणून इंचाला सात-आठ दात, ही कोकणासाठी अगदी नेमकी निवड. मोठ्या दातांची ‘फास्ट कटिंग’ करवत ओल्या फांद्यांसाठी बनलेली असते आणि ओल्या फांद्या आपल्याला कापायच्याच नाहीयेत. का, ते पुढे सांगते.

तिसरी गोष्ट जरा इंटरेस्टिंग आहे. आपल्या सुताराची करवत ढकलताना कापते. बहुतेक चांगल्या फोल्डिंग करवती जपानी पद्धतीच्या, म्हणजे ओढताना कापणाऱ्या. ओढताना पातं ताणलेलं राहतं, वाकत नाही, म्हणून ते पातळ ठेवता येतं. पातळ पातं म्हणजे बारीक काप, आणि बारीक काप म्हणजे कमी मेहनत. पण याची दुसरी बाजूही आहे. सवयीने जोर लावून ढकललंत की पातं वाकलं, आणि एकदा वाकलेलं पातं पुन्हा सरळ चालत नाही. कुणाला करवत उसनी देताना पहिलं वाक्य हेच सांगा, ‘ओढताना जोर, ढकलताना फक्त न्यायची.’

आणि दातांची टोकं निळसर-काळपट दिसली तर ती खास तापवून कठीण केलेली आहेत असं समजायचं. असे दात दीर्घकाळ टिकतात, मात्र कानशीने त्यांना धार लावता येत नाही, कानसच घसरते. बोथट झाले की पातं बदलायचं. म्हणून सुटं पातं मिळतं का, हा प्रश्न दुकानदाराला आजच विचारा. मिळत नसेल तर ती करवत म्हणजे यूज अँड थ्रो. उलट साध्या दातांच्या देशी करवतीला गावातला सुतार त्रिकोणी कानशीने पुन्हा धार लावून देऊ शकतो. दोन्हीत आपापली मजा आहे.

लॉकबद्दल मात्र मी अजिबात तडजोड करणार नाही. पातं उघडल्यावर घट्ट बसायलाच हवं, कारण ते मध्येच मिटलं तर थेट बोटांवर येतं. दुकानात करवत उघडा, पातं आडवं हलवून बघा. खुळखुळ वाजतंय? परत ठेवा. आणि मिटल्यावरही लॉक होणारी मिळाली तर फारच छान. सॅकच्या तळाशी करवत आपोआप उघडली की स्लीपिंग बॅगचं काय होतं, हे कल्पनेनेही कळेल.

मूठ रबराची, खरखरीत. कोकणात हात घामाने ओलेच असतात, तिथे गुळगुळीत प्लॅस्टिक सटकतं. रंग भडक घ्या, नारिंगी, लाल, पिवळा, काहीही. तो मिलिटरी हिरवा फोटोत कूल दिसतो खरा, पण पालापाचोळ्यात खाली ठेवलात की शोधत बसा! पात्याचा आकार? वाकडं पातं डोक्यावरच्या फांदीला चावून धरतं, छाटणीला चांगलं. जमिनीवर पडलेलं लाकूड कापायचं तर सरळ पातं जास्त कंट्रोलमध्ये राहतं. आपण दुसऱ्या गटातले.

नावंच हवी असतील तर घ्या. बाको कंपनीची लॅपलँडर ही कॅम्पिंगवाल्यांची जुनी लाडकी, साधारण १९० मिलिमीटरचं पातं, सुमारे २०० ग्रॅम वजन, ओढताना-ढकलताना दोन्हीकडे कापते, म्हणून नवशिक्याला सोपी. जपानच्या सिल्कीच्या पॉकेटबॉय आणि गोम्बॉय म्हणजे करवतींमधल्या स्पोर्ट्स कार. कापतात अशा की थक्क व्हावं, पण पातळ पात्याला नाजूक हात हवा. फ्रान्सच्या ओपिनेलची लाकडी मुठीची बारा नंबरची करवत दिसायला सगळ्यात गोड, कामाला बारक्या फांद्यांपुरती. या इम्पोर्टेड मंडळींची किंमत हजारांत जाते. फाल्कनसारख्या देशी ब्रँडच्या छाटणी करवती काही शे रुपयांत येतात आणि वर्षातून दोन-तीन ट्रिपा करणाऱ्याला त्या पुरून उरतात. स्विस नाइफमधली चिमुकली करवत असेल तर बोटाएवढ्या काटक्यांना तीही चालते. दोन टोकांना कड्या असलेली ती तारेची करवत मात्र सर्व्हायव्हल किटमधली शोभेची वस्तू आहे. पैसे वाचवा, आंबोळी-चटणी खा.

हे लाकूड कुणाचं?

आता मुद्द्याचं. करवत सॅकमध्ये आली की माणसाला सगळीकडे लाकूडच दिसायला लागतं. आणि शहरी डोळ्यांना वाटतं, जंगल आहे, पडलंय, उचला!

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फार थोडं. जे हिरवं दिसतं ते बहुतांशी कुणाच्या तरी सातबाऱ्यावरचं. बाग, राई, कुंपण, सगळ्याला मालक आहे. आणि पडलेली सुकी फांदीसुद्धा बेवारस नसते. कोकणातल्या घराला पावसाळ्याच्या चार महिन्यांचं सरपण आधी साठवावं लागतं. सुकी झापं, नारळाची सोडणं, करवंट्या, वाळक्या फांद्या, सगळं मे अखेरपर्यंत पडवीत नाहीतर मांगरात जातं. ती बेगमी असते. तुम्ही शेकोटीला उचललेली मोळी म्हणजे कुणाच्या तरी आंघोळीचं पाणी. तेव्हा पहिला नियम, विचारा. ‘काका, हे घेऊ का?’ एवढंच. कोकणी माणूस नाही म्हणणार नाही, उलट चांगलं सुकलेलं कुठलं ते दाखवेल, आणि हो, होमस्टेवाल्यांकडून लाकडाची मोळी पैसे देऊन घेतलीत तर दोघांचंही भलं. करवत मग त्या मोळीचे चुलीजोगे तुकडे करायला वापरा. खरं सांगायचं तर वीकेंड कॅम्पवर तिचं मुख्य काम हेच आहे.

ओल्या झाडाला तर हातच लावायचा नाही. ओलं लाकूड पेटत नाही, नुसता धूर करतं, हा झाला व्यवहार. बाकी कायदाही आहे. महाराष्ट्रात १९६४ पासून झाडतोडीच्या नियमनाचा कायदा आहे आणि त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा अशी आपल्या ओळखीची झाडं आहेत. ती तोडायला मालकालासुद्धा परवानगी घ्यावी लागते. मग पाहुण्यांचं काय घेऊन बसलात! खाडीकाठची खारफुटीही त्याच यादीत आहे. भाट्याच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन वारा आणि वाळू अडवायला उभं आहे, तुमच्या बार्बेक्यूसाठी नाही.

देवरहाटीत करवत बाहेरच काढू नका. गावोगावी ग्रामदेवतेच्या नावाने राखलेली ही वनं. तिथली काडीसुद्धा घरी न्यायची नाही, पडलेलं झाड तिथेच कुजू द्यायचं, अशी कित्येक गावांची रीत आहे. श्रद्धा म्हणा नाहीतर इकॉलॉजी म्हणा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या अशा देवरायांचा अभ्यास जगापुढे मांडला, तेव्हा शास्त्रज्ञांनाही कळलं की आसपासचं जंगल गेलं तरी जुनी झाडं इथे टिकून राहिलीत. रस्त्याकडेला अचानक गारवा लागला, मोठाले वेल दिसले, मधे कौलारू देऊळ असलं, की समजा.

सह्याद्रीच्या बाजूला ट्रेकला जाणाऱ्यांसाठी आणखी एक. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला आणि तो रत्नागिरी जिल्ह्याच्या पूर्व सीमेला भिडतो. अशा संरक्षित क्षेत्रात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. आत आग लावायला बंदी, लाकूड काढायला बंदी, आणि परवानगीशिवाय ‘शस्त्र’ न्यायला बंदी. कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत साधा सुराही बसतो. गेटवर ‘सर, ही करवत आहे, कॅम्पिंगची’ हे समजावण्यात सकाळ घालवण्यापेक्षा ती गाडीतच ठेवलेली बरी आणि जेवणाला गॅसचा छोटा स्टोव्ह न्यायचा, अर्थात तोही आधी विचारून. खेड तालुक्यातल्या रसाळगड-सुमारगड-महिपतगडाच्या ट्रेकलासुद्धा, रसाळगडावर झोलाईच्या देवळात मुक्काम करणार असाल तर चूल नको, स्टोव्ह बरा. देवळाची फरशी काळी करून जाणारे ट्रेकर्स कुणालाच आवडत नाहीत.

बीचवरची शेकोटी हा तर सगळ्यांचा वीक पॉइंट. पण वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडी अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला हे काम सुरू केलं, पुढे कासव महोत्सव गाजला, हे तुम्ही वाचलं असेल. अंड्यातून निघालेलं पिल्लू उजेडाच्या दिशेने चालतं. निसर्गाने त्याला शिकवलंय की अंधाऱ्या किनाऱ्यावर उजळ दिसतो तो समुद्र. तुमची शेकोटी त्याच्यासाठी चुकीचा समुद्र ठरते. सीझनमध्ये या किनाऱ्यांवर शेकोटी नकोच. जेवणानंतर टॉर्च बंद करून आकाश बघा. मुंबई-पुण्यात तेवढे तारे कुठे दिसतात?

सड्यावर, म्हणजे त्या विस्तीर्ण कातळाच्या पठारावर, वेगळी भीती. दिवाळीनंतर तिथलं गवत वाळून सोनेरी होतं, वारा सुटतो, आणि एक ठिणगी उडाली की वणवा. शेजारी कुणाची तरी हापूसची, काजूची कलमं असतात, मुलांसारखी वाढवलेली. दहा-पंधरा वर्षांची बाग जळायला एक दुपार पुरते. त्या कातळावर कुठे कुठे कातळशिल्पंही आहेत, २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलेली. काळोखात आपण नेमकी कशावर चूल मांडतोय, हे कळतही नाही. त्यामुळे फेब्रुवारी ते मे सड्यावर आग नाही म्हणजे नाही.

इतकं सगळं वाचून ‘मग करवत घ्यायचीच कशाला?’ असं वाटलं असेल. यजमानांच्या वाडीत, त्यांच्या परवानगीने, जमिनीवर पडलेलं सुकं लाकूड. तिथे ती तुमचीच. आणि एक दुसरं कामही आहे.

रस्ता आडवा झाला तर

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि शेजारच्या मंडणगड-दापोलीलाही त्याने झोडपलं. केळशी, आंजर्ल्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, रस्ते झाडांनी बंद झाले, वीज कित्येक दिवस नव्हती. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. वादळ नसलं तरी जून-जुलैत घाटात एखादी फांदी रस्त्यावर येणं नेहमीचंच. अशा वेळी डिकीतली करवत गाडी जाण्यापुरती वाट करून देते. मात्र इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून दोन मिनिटं नीट लक्ष द्या.

आधी वायर बघा. फांदीत कुठेही विजेची तार अडकलेली दिसली तर करवत तशीच मिटवायची, लांब थांबायचं आणि फोन करायचा. तार मेलेली आहे की जिवंत, हे डोळ्यांना कळत नाही.

तार नसेल तर फांदी कुठे दबलीय आणि कुठे ताणलीय ते बघा. पडलेली फांदी म्हणजे वाकवलेली स्प्रिंग असते. एका टोकाला आधार आणि दुसरं टोक हवेत असेल तर वरची बाजू ताणलेली, खालची दबलेली. आधी खालून, दबलेल्या बाजूने एक तृतीयांश काप घ्या आणि मग वरून. दोन्ही टोकं टेकलेली आणि मध्ये झोळ पडलेला असेल तर बरोबर उलटं, आधी वरून थोडं, मग खालून. ताणलेल्या बाजूने सरळ सुरुवात केली तर लाकूड फाटतं आणि फटकन उसळतं, आणि ते कुठे लागेल याचा नेम नसतो. दबलेल्या बाजूनेच कापत राहिलं तर काप मिटतो आणि करवत चिमट्यात अडकते. ओढून काढायला गेलात की पातं गेलं! मांडीपेक्षा जाड खोड असेल तर ते आपलं काम नाही. जेसीबी येईपर्यंत चहा शोधावा.

कॅम्पवरच्या साध्या कापणीलाही हेच लॉजिक. लाकूड दगडावर ठेवा, पायाने दाबा, आणि कापायचा भाग आधाराच्या बाहेर लटकता ठेवा, म्हणजे काप आपोआप उघडत जातो. पहिले दोन-तीन ओढे अगदी हलके. करवत उडते ती याच वेळी, आणि उडाली की लाकूड धरलेल्या हातावर येते. म्हणून तो हात कापापासून वीतभर लांब आणि त्यात जाड सुती हातमोजा. पायात चप्पल नको, बूट हवेत. काम झालं की पातं लगेच मीट. ‘एक मिनिट ठेवतो’ म्हणून उघडी ठेवलेली करवत अंधारात कुणाच्या तरी पायाखाली येणारच.

प्रवासाचं एका वाक्यात. विमानाने जात असाल तर करवत चेक-इन बॅगेतच, आणि मेट्रोने स्टेशन गाठणार असाल तर सिक्युरिटीशी वाद घालायला वेळ हाताशी ठेवा, किंवा सरळ रिक्षा करा.

चीक, गंज आणि खोबरेल

आता शेवटचं, आणि कोकणात सगळ्यात महत्त्वाचं. आंबा, फणस, काजू, सगळी चिकाची झाडं. सुक्या फांदीत चीक कमी असतो, पण वाडीत यजमानांना छाटणीला मदत केलीत तर पातं चिकट झालंच म्हणून समजा. आंब्याचा आणि काजूचा चीक कातडीवरही उततो, तेव्हा उघड्या हाताने पुसू नका. फणस कापताना आजी काय करते आठवतं? विळीला आणि हातांना आधी खोबरेल तेल चोळते. तोच उपाय इथे. कापण्याआधी पात्याला तेलाचा पुसट हात फिरवा, चीक धरत नाही आणि करवतही सरसर चालते. आधीच साचलेला चीक रॉकेल किंवा टर्पेंटाइनच्या फडक्याने निघतो. जुना टूथब्रश घेऊन दातांच्या मुळातून घासायचा, दातांच्या दिशेने, उलट नाही.

दुसरा शत्रू गंज. खारा वारा आणि पावसाळ्यातली ती ओल, रत्नागिरीत लोखंड रातोरात तांबूस होतं. क्रोमचं किंवा काळ्या कोटिंगचं पातं थोडं जास्त तग धरतं, पण दातांच्या टोकांवर आणि बिजागरीच्या स्क्रूवर कोटिंगचा फार उपयोग नाही. बीचवरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, उन्हात पूर्ण कोरडी करा, पात्याला आणि स्क्रूला शिलाई मशीनच्या तेलाचा एक-एक थेंब द्या. दर ट्रिपनंतर स्क्रू ढिला झाला नाही ना, ते बघा. त्याच्यावरच लॉकचा भरवसा. आणि पाऊस सुरू होण्याआधी करवत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, आत ओल कोंडते. तेलकट सुती फडक्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात, लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी, मिटवून आणि लॉक करून ठेवा.